‘पे’ या शब्दाचे सेवापुस्तक

इंग्रजीत तीन अक्षरे, मराठीत एकच. ‘पे’. म्हणायला अर्धा श्वाससुद्धा लागत नाही. पण एवढ्याशा शब्दाने हेडसाहेबांना सोमवार ते शनिवार असे काही पळवले, की त्यापुढे चौतीस वर्षांची नोकरी म्हणजे त्यांना भरपगारी रजा वाटली.

हेडसाहेब म्हणजे पाणीपुरवठा कचेरीच्या वेतन विभागातले निवृत्त हेडक्लार्क. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली तरी इमारतीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारीत नाही, आणि मारली तर ते ओ देत नाहीत. निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून ते कोशमंडळात जाऊ लागले. मराठी बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश तयार करणे हे या मंडळाचे काम. पगार नाही, पंखा वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करणारा, चहा दिवसातून एकदा आणि तोही गार. मात्र एखाद्याने नोंद संपूर्ण केली, तर तिच्याखाली त्याची आद्याक्षरे छापली जात. या आद्याक्षरांनी हेडसाहेबांच्या मनात घर केले होते. नोकरीत त्यांनी हजारो कागदांवर सह्या केल्या. पण त्या सगळ्या ‘करिता’ होत्या. साहेबांकरिता, अधीक्षकांकरिता, एकदा तर गैरहजर शिपायाकरिता. स्वतःकरिता, छापील अक्षरांत, त्यांच्या नावावर काहीच नव्हते. नाही म्हणायला एक लग्नपत्रिका होती, आणि तीत त्यांचे नाव चुकले होते.

दोन वर्षांत त्यांच्या वाट्याला आले ते ‘पिन’, ‘पंप’ आणि ‘पंक्चर’. तेही भागीदारीत. म्हणून सोमवारी संपादकबाईंनी ‘पे’ची कोरी फाइल त्यांच्यापुढे सरकवली, तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

“खरं म्हणजे हा शब्द माझ्याकडे यायला हवा,” पलीकडच्या टेबलावरून प्राध्यापक म्हणाले. “‘पीस’ मी केला. शांतता. दोन्ही शब्दांचं कूळ एकच आहे.”

“कूळ असेल तुमच्याकडे,” हेडसाहेब म्हणाले. “पण चौतीस वर्षं हा शब्द माझ्या टेबलावरून गेलाय. तुम्ही पे नुसता घेतलात. मी काढलाय.”

प्राध्यापकांनी पुन्हा आपल्या फाइलीत डोके घातले. वेतन विभागातल्या माणसापुढे भलेभले नमते घेतात, ही सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही.

“शनिवारी पाच वाजता हा खंड बंद होतो,” संपादकबाई म्हणाल्या. त्या वयाने हेडसाहेबांपेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या, पण त्यांच्यापुढे हेडसाहेब नकळत सरळ बसत. “नोंद अपुरी राहिली तर ती प्राध्यापकांकडे जाईल आणि खाली त्यांची अक्षरं येतील. आणि चिठ्ठ्या विसरू नका.”

चिठ्ठ्या हे या मंडळाचे खास प्रकरण होते. पूर्वी एका गृहस्थांनी कोशातली सगळी उदाहरणे घरी बसून रचली होती. पुढे कोणाच्या तरी लक्षात आले, की शब्द कुठलाही असो, वाक्यात घरमालक हटकून येतो आणि हटकून नालायक असतो. तेव्हापासून नियम झाला: प्रत्येक अर्थाला एक चिठ्ठी. तिच्यावर खऱ्या माणसाने खरोखर बोललेले वाक्य, त्या माणसाचा व्यवसाय, तारीख आणि सही. मूळ अर्थालाही यातून सवलत नव्हती.

“शब्दाचा मूळ अर्थ आपल्या माणसांत अजून कुठे श्वास घेतोय, तेही दाखवायचं,” बाई म्हणाल्या. “‘दाखला मिळाला नाही’ असं लिहिलेली नोंद मी पूर्ण धरत नाही.”

“दाखले काढणं हा माझा हातचा मळ आहे,” हेडसाहेब म्हणाले. आत्मविश्वास हा त्यांचा जुनाच आजार होता.

घरी येऊन त्यांनी बायकोला बातमी सांगितली. तिला सगळी इमारत काकू म्हणते. काकूंनी चहाचा कप पुढे ठेवला. “चौतीस वर्षं पे घेतलात, आणि आता त्याचा अर्थ शोधताय?”

“अगं, घेणं वेगळं आणि समजणं वेगळं.”

“ते मी लग्न झाल्यापासून बघतेय,” काकू म्हणाल्या, आणि कपडे वाळत घालायला गेल्या. गच्चीत, पाचव्या मजल्याच्याही वर. जिन्याने. लिफ्ट पाच महिने बंद होती.

मंगळवारी व्युत्पत्तीचा दिवस ठरला. पण घरातून निघून रस्त्याला लागेपर्यंतच हेडसाहेबांना ती फुकटात सात जणांनी सांगितली. “त्यात शोधायचं काय? मीठ!” दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या. “रोमन शिपायांना पगार म्हणून मीठ द्यायचे,” इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले. विमा एजंट म्हणाला, “मीठ, हेडसाहेब, मीठ. मी एका व्याख्यानात ऐकलंय.” काहीही विचारले तरी लोकांच्या तोंडून मीठच. ती गोष्ट ‘सॅलरी’ची, ‘पे’ची नव्हे, असे हेडसाहेबांनी प्रत्येकाला थांबून समजावले. सॅलरीचे मिठाशी नाते असले तरी शिपायांना पोतीच्या पोती मीठ वाटल्याचा पुरावा नाही, हेही सांगितले. लोक ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, “म्हणजे मीठच ना?” पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे.

ग्रंथालयात तो मोठा व्युत्पत्तिकोश काचेच्या कपाटात होता. हेडसाहेबांना तो दिसत होता. ग्रंथपालांनाही दिसत होता. मध्ये फक्त नियम होते. कोश सभासदांनाच मिळे. सभासद व्हायला राहत्या पत्त्याचा पुरावा लागे. हेडसाहेबांच्या ओळखपत्रावर कचेरीच्या वसाहतीतला जुना पत्ता होता, आणि त्या जागी आता टाकी उभी होती.

“म्हणजे कागदोपत्री तुम्ही टाकीत राहता,” ग्रंथपाल म्हणाले.

“मी तुमच्यासमोर उभा आहे!”

“त्याचा काही कागद?”

तो मात्र हेडसाहेबांजवळ होता. निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला ते कायम खिशात बाळगत, तीन प्रतींत. ग्रंथपालांनी तो उलटसुलट पाहिला. त्यावर पत्ता आहे, फोटो आहे आणि गृहस्थ जिवंत आहेत, म्हटल्यावर त्यांचा निरुपाय झाला. मग कळले की कपाटाची किल्ली बाइंडरकडे आहे आणि बाइंडर जेवायला गेला आहे. बाइंडर आल्यावर कळले की कोश टेबलावर नेता येणार नाही. कोश संदर्भ विभागाचा आणि टेबले वाचन विभागाची. तेव्हा सहा किलोचा कोश एका हातावर तोलून, उभ्याने, हेडसाहेबांनी ‘पे’चे पान उघडले.

आणि वाचता वाचता त्यांचा हात दुखायचा थांबला. कारण हा शब्द परका नव्हता. याची जन्मतारीख, नेमणूक, बदल्या, सगळे तिथे होते. फक्त कोणी नीट रकाने पाडले नव्हते. हेडसाहेबांनी तिथेच वही काढली आणि ज्या पद्धतीने ते आयुष्यभर कर्मचाऱ्यांची सेवापुस्तके लिहीत आले, त्याच पद्धतीने शब्दाचे सेवापुस्तक लिहिले. मूळ नाव: पाकारे. मूळ ठिकाण: लॅटिन. घराणे: पाक्स, म्हणजे शांतता. पहिली नेमणूक: शांत करणे. नंतर ज्याचे देणे आहे त्याचे समाधान करणे, या कामावर बदली. तिथून फ्रेंचमध्ये. इंग्रजीत रुजू: सुमारे आठशे वर्षांपूर्वी, तिथेही सुरुवातीला काम तेच, समोरच्याला संतुष्ट करणे. पुढे पैसे देण्याचा कार्यभार कायम झाला आणि पहिले काम बंद पडले. शेवटी त्यांनी शेरा मारला: जहाजाला डांबर फासणे या अर्थाचा ‘पे’ हा वेगळा इसम असून केवळ नाव सारखे आहे, घराणे डांबराचे, दोघांची फाइल एकत्र करू नये.

परत येताना त्यांची चाल बदलली होती. चौतीस वर्षे आपण वेतन विभागात नव्हतो, शांतता विभागात होतो, हे त्यांना त्या दिवशी समजले. एखाद्याचा पगार अडकला की तो कसा तणतणत येई आणि निघाला की कसा गोगलगाय होऊन जाई, हे आठवून त्यांना स्वतःविषयी नितांत आदर वाटू लागला. तसा तो पूर्वीही कमी नव्हता.

बुधवारी चिठ्ठ्या. इथे हेडसाहेबांच्या हातून जी चूक झाली ती जगात फक्त वेतन विभागातला माणूस करू शकतो. कोशमंडळाची चिठ्ठी त्यांना फार उघडी वाटली. वर विषय नाही, खाली मान्यता नाही. असल्या कागदाला कोण विचारतो? म्हणून त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात चिठ्ठीच्या माथ्यावर लिहिले, ‘विषय: पे’. आणि सहीच्या वर, सवयीने, ‘वरील मजकूर मी वाचला असून तो मला मान्य आहे.’ मग नाक्यावरून त्याच्या पन्नास प्रती काढून आणल्या.

पहिली चिठ्ठी तळमजल्यावर. तिथे दंतवैद्य राहत, आणि पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना. एका रोग्याला ते म्हणत होते, “आधी पे करा, मग दाढ.” हेडसाहेबांनी दारातूनच वाक्य टिपले आणि चिठ्ठी पुढे केली.

“हे काय?”

“भाषेची सेवा आहे. सही करा.”

दंतवैद्यांच्या एका हातात चिमटा होता. दुसऱ्या हाताने त्यांनी सही केली.

मग कामाला वेग आला. मास्तरीणबाई शिकवणीच्या मुलांवर ओरडत होत्या, “पे अटेन्शन!” झाली दुसरी. विमा एजंटाने उसासा टाकला, “ह्या लाइनमध्ये आता काही पेइंग राहिलेलं नाही.” तिसरी. पाचव्या मजल्यावर पेइंग गेस्ट म्हणून राहणारी मुलगी, रजेतही फुल पे मिळाला म्हणून खूश असलेली परिचारिका, आणि फोनवर कोणाला तरी “याचं तुम्हाला पे करावं लागेल” असा दम भरणारे वकील. दुपारी बारापर्यंत सहा अर्थांच्या सहा चिठ्ठ्या तयार. राहिला सातवा, मूळ अर्थ. हेडसाहेब प्रत्येकाला विचारत, “पे म्हटल्यावर तुम्हाला कधी शांत वाटतं का?” वकील म्हणाले, “मला मिळाला की वाटतं. समोरच्याला वाटलेलं मी अजून पाहिलं नाही.” ते काही दाखल्यात बसेना.

अशा वेळी जिन्यात त्यांना सेक्रेटरी भेटले. सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर, हेडसाहेबांच्या समोर राहत, आणि गेले पाच महिने त्यांच्या डोक्यात लिफ्टशिवाय दुसरे काही नव्हते. भानगड सोपी होती. दुरुस्तीचा खर्च सगळ्यांनी द्यावा, असे वरचे मजले म्हणत. आम्ही लिफ्टमध्ये पायच ठेवत नाही तर देऊ कशाला, असे तळमजला म्हणे. आणि तळमजला म्हणजे मुख्यतः दंतवैद्य. सेक्रेटरींनी हेडसाहेबांच्या हातातली वरची चिठ्ठी पाहिली. विषय: पे. खाली, वाचून मान्य. त्याखाली दंतवैद्यांची सही. मधले वाक्य वाचण्याइतका धीर पाच महिने जिने चढलेल्या माणसाला कुठून असणार?

“हेडसाहेब,” त्यांनी चिठ्ठी कपाळाला लावली, “जे आम्हाला पाच महिन्यांत जमलं नाही ते तुम्ही सकाळच्या चार तासांत केलंत?”

“मनावर घेतलं की होतं,” हेडसाहेब नम्रपणे म्हणाले.

त्या संध्याकाळपासून त्यांच्या दारात रीघ लागली. तिसरा मजला आला, पाचवा आला. लोक आपणहून चिठ्ठी मागत आणि सही करून हेडसाहेबांचा हात दाबत. एक आजी तर दोन मजले चढून येण्याची तयारी दाखवत होत्या. समाजात शब्दांविषयी एवढी भूक असेल याची हेडसाहेबांना कल्पना नव्हती. “लोक वाईट नसतात गं,” ते काकूंना म्हणाले, “त्यांना योग्य माणसाने विचारावं लागतं.” गुरुवारी दुपारपर्यंत पंचवीस चिठ्ठ्या जमल्या. गुरुवारीच दुपारी सेक्रेटरींनी बोलावलेला लिफ्टवाला कारागीर आला, त्याने दार उघडले, आतली यंत्रे काढून जिन्याखाली मांडली आणि तळमजल्यावर त्यांच्या वाट्याच्या पहिल्या हप्त्याचा कागद दिला.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत, इमारतीची तातडीची सभा भरली. खुर्च्या कमी आणि माणसे जास्त होती, त्यामुळे भांडण उभ्यानेच झाले.

“ही सही तुमची आहे की नाही?” सेक्रेटरींनी चिठ्ठी दंतवैद्यांच्या नाकाला लावली.

“आहे! पण मी दाढेबद्दल बोलत होतो!”

“वर काय लिहिलंय? विषय, पे. खाली? वाचून मान्य.”

“यांनी मला सांगितलं, भाषेची सेवा आहे म्हणून!” दंतवैद्यांनी हेडसाहेबांकडे बोट केले. “आता माझ्या लक्षात आलं. चौथ्या मजल्याचा डाव आहे हा!”

सगळ्या नजरा वळल्या. हेडसाहेबांना आयुष्यात प्रथमच अफरातफरीच्या आरोपीसारखे वाटले. पण ते डगमगले नाहीत. ते खुर्चीवर उभे राहिले. “मंडळी, या भांडणाचं मूळ अज्ञानात आहे. पे म्हणजे पैसे, असं आपण धरून चालतो. पण मुळात पे म्हणजे समोरच्याला शांत करणं. पाकारे...”

“मग करा की शांत!” मागून कोणीतरी ओरडले.

“मिठावरून आलाय तो शब्द!” विमा एजंट म्हणाला.

त्यानंतर हेडसाहेबांचे कोणालाच काही ऐकू गेले नाही. त्यांनी लॅटिनपासून फ्रेंचपर्यंत मजल मारली, पण तोवर तळमजला आणि वरचे मजले एकमेकांची उणीदुणी काढण्यात पार रंगले होते. अखेर ठरले ते एवढेच, की वादग्रस्त कागद पाकिटात बंद करून सेक्रेटरींच्या कपाटात ठेवावेत आणि दीड महिन्याने भरणाऱ्या मोठ्या सभेत ते उघडावेत. पंचवीसच्या पंचवीस चिठ्ठ्या पाकिटात गेल्या. सेक्रेटरी पाकीट कसेबसे चिकटवू लागले तेव्हा हेडसाहेबांना राहवेना. “असं नाही. जोडावर सही येऊ दे, म्हणजे कोणाला उघडता येणार नाही,” असे म्हणून त्यांनी स्वतःच ते पाकीट नमुनेदार बंद करून दिले, आणि मग आपण काय केले ते कळून चार मजले मुकाट्याने चढले.

“शनिवारी पाच म्हणजे पाच,” ते काकूंना म्हणाले. “मी सगळ्या चिठ्ठ्या नव्याने गोळा करतो. हे शहर मोठं आहे.”

शहर मोठे होते, पण इमारतीतली बातमी त्याहून मोठी झाली होती. शनिवारी सकाळी शिंप्याने कात्री खाली ठेवली आणि विचारले, “तुम्हीच ना ते सह्या घेऊन लिफ्ट लावणारे?” गाड्या लावायच्या जागेवरचा पावतीवाला म्हणाला, “मी वाक्य बोलतो, पण सही नाही. मला बायकामुलं आहेत.” एका केशकर्तनवाल्याने मात्र चिठ्ठी भरून दिली. हेडसाहेबांनी ती रस्त्यावर येऊन वाचली. रोमन शिपाई आणि मीठ. तीन वाजेपर्यंत त्यांच्या हाती ती एवढी एकच चिठ्ठी होती. प्राध्यापकांची आद्याक्षरे ‘पे’खाली छापलेली त्यांना दिसू लागली, तीही ठळक अक्षरांत. भर रस्त्यात, इतक्या वर्षांनी, त्यांना रडू यायचे बाकी राहिले.

साडेतीनला ते इमारतीशी आले, तर फाटकावर दंतवैद्य स्टुलावर चढून आपली पाटी ठोकत होते. “या, हेडसाहेब!” ते हसून म्हणाले. आत लिफ्टच्या बोगद्यातून हातोड्याचा आवाज येत होता. जिन्यात सेक्रेटरी कारागिरासाठी चहा घेऊन उतरत होते, तेही हसले. हेडसाहेबांना वाटले, उन्हाचा परिणाम.

घरात काकू भाजी निवडत बसल्या होत्या. टेबलावर ते पाकीट होते. उघडलेले.

“हे कोणी दिलं?”

“सेक्रेटरींनी. आता वाद नाही म्हटल्यावर कशाला ठेवतील?”

“वाद नाही? मग कालचा तमाशा काय होता? कोणी मिटवला?”

“मी.” काकूंनी देठ मोडला. “सकाळी तुम्ही गेलात, मी खाली गेले. दंतवैद्याला वर्षभर फाटकावर पाटी लावायचीय, वरचे लावू देत नव्हते. वरच्यांना लिफ्ट हवी होती, तो वाटा देत नव्हता. दोघांना म्हटलं, भांडण ठेवायचंय की पाटी आणि लिफ्ट? आधी दोघंही म्हणाले, भांडण. मग चार खेपा घातल्या. गुडघ्यांचं काही विचारू नका.”

“आणि खर्च?”

“देतायत सगळे. एकदा डोकं शांत झालं की माणूस देतो.”

हेडसाहेब खुर्चीत बसले ते बसलेच. “अगं,” ते हळूच म्हणाले, “हाच तो मूळ अर्थ. समोरच्याला शांत करणं. मी आठवडाभर जगभर शोधतोय, आणि कोणालाही तो माहीत नाही.”

“त्यात माहीत असायचं काय? दर महिन्याला तेच तर केलं.” काकूंनी भाजीचे ताट बाजूला ठेवले. “तुम्ही एक तारखेला पाकीट माझ्या हातात द्यायचात आणि म्हणायचात, ‘झाला पे, सुटलो बाबा.’ तुम्ही सुटायचात. मग सासूबाईंची औषधं, मुलीची फी, तुमच्या भावाची अडचण, वाणी, दूधवाला. प्रत्येकाला वाटे, आपलं आधी. कोणाला थोडं देऊन, कोणाला शब्द देऊन, कोणाचं नुसतं ऐकून घेऊन गप्प करायचं. सगळी शांत झाली की मग मी म्हणायचे, झाला ह्या महिन्याचा पे. तुमचा एक तारखेला व्हायचा. माझा एकतीसला.”

हेडसाहेबांना लाज वाटली. निवृत्तीच्या कागदांत ‘पत्नीचा व्यवसाय’ असा एक रकाना होता, आणि त्यात त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात ‘काही नाही’ असे लिहिले होते. खाली स्वतःची सही केली होती. करिता नव्हे, स्वतःची.

त्यांनी कोरी चिठ्ठी ओढली आणि ‘सगळी शांत झाली की मग मी म्हणायचे, झाला ह्या महिन्याचा पे’ हे वाक्य जसेच्या तसे उतरवले. मग व्यवसायाच्या रकान्याशी पेन थांबले.

“लिहा ना काहीतरी. गृहिणी लिहा,” काकू म्हणाल्या. “तुमचे पाच वाजतायत.”

हेडसाहेबांनी विचार केला आणि लिहिले. काकूंनी चष्मा लावून वाचले, त्यांच्याकडे एकदा पाहिले, आणि पेन हातात घेतले. “आधी ती ‘मान्य आहे’ची ओळ खोडा. पुन्हा काही झालं तर मी नाही मिटवणार.”

हेडसाहेबांनी पट्टी घेऊन सातही चिठ्ठ्यांवरची ती ओळ आणि वरचा विषय खोडून टाकला, आणि चप्पल एकाच पायात नीट बसलेली असताना जिना उतरू लागले.

पाचला सात मिनिटे असताना ते कोशमंडळात पोचले. प्राध्यापक पेनाचे टोपण काढून तयारच बसले होते. संपादकबाईंनी सेवापुस्तक वाचले. डांबराच्या इसमापाशी त्या थोड्या हसल्या. मग चिठ्ठ्या एकेक करून बाजूला ठेवत गेल्या. दाढ, अटेन्शन, पेइंग, गेस्ट, फुल पे, दम. सातवी त्यांनी दोनदा वाचली.

“ही सही तुमच्या घरातली दिसते,” त्या म्हणाल्या. “घरच्या माणसाचा दाखला मी घेत नाही. माणूस आपल्या व्यवसायाच्या अनुभवाने बोलत असेल तर गोष्ट वेगळी.”

“व्यवसायाच्या अनुभवानेच बोलल्यात.”

“‘वेतन वाटप’,” बाईंनी रकाना वाचला. “म्हणजे त्या तुमच्याच विभागात होत्या?”

“होत्या. चौतीस वर्षं,” हेडसाहेब म्हणाले. “मी त्यांच्या हाताखाली होतो.”

पलीकडे प्राध्यापकांनी टोपण लावल्याचा आवाज आला. संपादकबाईंनी चिठ्ठी इतर सहांवर ठेवली, त्यांना टाचणी लावली आणि नोंदीचा शेवटचा कागद पुढे ओढला.

“आद्याक्षरं सांगा,” त्या म्हणाल्या.

हेडसाहेबांनी आधी बायकोची सांगितली, मग आपली; आणि दोन्ही बरोबर उतरली आहेत ना, हे वाकून, एकेका अक्षरावर बोट ठेवून तपासले.